रेकॉर्डवरची सात माणसं

बँकेतल्या बाईंनी विचारलं, "मंडळाचे अध्यक्ष कोण?" मी नाव सांगितलं. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे हे नाव नाही." मग त्यांच्याकडचं नाव वाचून दाखवलं. ते अण्णांचं होतं.

अण्णा एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेले. तेव्हा अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. एरवी अण्णांना खांदा द्यायला अर्धा गाव लोटला असता.

"ते वारले," मी म्हटलं.

"मग बदल मंजूर झाल्याचा उतारा आणा चॅरिटीकडून, म्हणजे धर्मादाय कार्यालयातून. त्याशिवाय सह्या बदलता येणार नाहीत."

ही मार्च २०२३ ची गोष्ट. गावातून पुण्या-नाशिकला नोकरीला गेलेल्या पोरांनी अभ्यासिकेच्या पत्र्यांसाठी एक लाख दहा हजार जमवले होते. त्यांची अट एकच, पैसे रोख देणार नाही, मंडळाच्या खात्यावर टाकणार. अट रास्तच होती. पण खात्यावर सह्या दोघांच्या. एक वर गेलेला, दुसरा १९९७ पासून सुरतला.

आमचं गाव पांझरा आणि तापीच्या मधल्या पट्ट्यातलं. कापूस, दादर ज्वारी, थोडा हरभरा. मंडळाचं नाव मुद्दाम देत नाही, दोघातिघांना आवडणार नाही. तरुण मंडळच आहे, गणपती, रक्तदान, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची मिरवणूक करतं. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत चोवीस खुर्च्यांची अभ्यासिका चालवतं. पोलीस भरतीची पोरं पहाटे तापीच्या रस्त्यावर १६०० मीटर मारतात, पोरी ८००. मी स्वतः त्याच अभ्यासिकेत तलाठी परीक्षेचा अभ्यास केला, नापास झाले आणि गावातच सीएससी सेंटर टाकलं. उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, पॅनकार्ड. "ताईला फॉर्म भरता येतात" एवढ्या भांडवलावर पोरांनी मला सचिव केलं. केलं म्हणजे काय, गणपतीच्या बॅनरवर माझा फोटो लावला, खाली लिहिलं 'सचिव'. माझी निवड ती एवढीच.

पहिल्यांदा मला वाटलं की एक अर्ज, चार झेरॉक्स, दोन फेऱ्या. दुसऱ्यांचे कागद रोज करत असल्याने आपलाही कागद तसाच होईल असा माझा समज होता.

नाना म्हणजे रेकॉर्डवरचे खरे सचिव. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मी घरी गेले तर त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. पेटीवर जुना गुलाल चिकटलेला. मी म्हटलं, "नाना, तुमची पेटी सेंटरवर नेऊ का दोन दिवस?"

"पेटी मनी नही, मंडळनी शे," नाना अहिराणीत म्हणाले. "पन पावती लिखी दे."

मी पावती लिहून दिली. तेव्हा हसू आलं होतं. पुढे कळलं की या सगळ्या प्रकरणात शुद्धीवर असलेला माणूस तो एकटाच होता.

पेटीत दोन प्रमाणपत्रं निघाली, दोन्ही १९८९ ची. एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचं, दुसरं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालचं. या दुसऱ्या कायद्याच्या नावात आधी मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे. महाराष्ट्रात संस्था काढली की या दोन्ही दारांतून जावं लागतं, म्हणून नंबरही दोन, आणि दुसऱ्याच्या आधी 'एफ' हे अक्षर. अण्णांनी व्यायामशाळेच्या अनुदानासाठी ही नोंदणी केली होती. अनुदानातून डबल बार आले, ते अजून आहेत, त्यावर पोरं टॉवेल वाळत घालतात.

आणि पेटीच्या तळाला परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे विश्वस्तांच्या नावांची सरकारी नोंद. संस्था नोंदवायला कमीत कमी सात माणसं लागतात, म्हणून आमची मोजून सात. अण्णा अध्यक्ष, जिभाऊ उपाध्यक्ष, नाना सचिव, सुरतचे आप्पा खजिनदार. बाकी तीन सदस्य, एक शाळेतले गुरुजी, एक शेतकरी तात्या आणि सातव्या नावाशी मी अडखळले. ते अण्णांच्या बायकोचं होतं. म्हणजे आमच्या काकूंचं.

३४ वर्षांत या उताऱ्यावर एक अक्षर बदललं नव्हतं. मंडळाच्या घटनेत दर पाच वर्षांनी निवडणूक लिहिली आहे. निवडणुका झाल्या, चहाच्या टपरीवर झाल्या, हात वर करून झाल्या, एकदा तर मारामारीही झाली. कागदावर काहीच नाही. सरकारदप्तरी आमचं तरुण मंडळ अजून १९८९ मध्येच होतं. राष्ट्रीय युवा धोरण २०१४ प्रमाणे तरुण म्हणजे १५ ते २९ वयाचा, आणि आमच्या रेकॉर्डवरचा सगळ्यात लहान तरुण बासष्ट वर्षांचा.

नियम असा की विश्वस्तांत बदल झाला, कोणी वारला, राजीनामा दिला, नवा निवडून आला, की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा. लोक त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. त्याची चौकशी होऊन तो मंजूर झाला की परिशिष्ट एकवर नवी नावं चढतात. तोपर्यंत तुम्ही गावासाठी कोणीही असा, कागदासाठी कोणीच नसता.

धर्मादाय कार्यालयाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या एकाने माझा उतारा बघितला आणि सोपा मार्ग सांगितला. १९९४, ९९, २००४ अशा सगळ्या निवडणुकांचे ठराव मागच्या तारखांनी लिहायचे. "जुना रजिस्टर आनजो. चार पेन वापरजो, एकाच शाईनं लिहू नको." पंचवीस हजार म्हणाला, पेन धरून की सोडून ते कळलं नाही.

खोटं कशाला बोलू, मी लिहायला बसले. दोन निळे पेन, एक काळा, एक शाईचा. १९९४ चं इतिवृत्त झालं, ९९ चं झालं. मला वाटलं, होऊन गेलेलंच तर लिहितेय, आणि त्यात एक चांगलं कामही उरकून टाकू. टेलरकाका २६ वर्षं मंडळाचा हिशोब ठेवतात. आप्पा सुरतला गेले तेव्हापासून. पण त्यांचं नाव कुठेच नाही, ते रेकॉर्डवर साधे विश्वस्तसुद्धा नाहीत. मी १९९९ च्या सभेत टेलरकाकांना सर्वानुमते खजिनदार केलं, सूचक अण्णा, अनुमोदक गुरुजी, आणि सकाळी त्यांना दाखवायला दुकानात नेलं. वाटलं होतं, खूश होतील.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. तारखेवर बोट ठेवलं. "या दिवशी मी गावात नव्हतो. बडोद्याला होतो, मोठीच्या बाळंतपणाला. त्याच दिवशी नातू झाला." आणि हातात कापडावर खुणा करायचा खडू होता, त्यानेच पानावर फुली मारली. मला काही बोलले नाहीत. मशीन चालू केली.

मी ती दोन्ही पानं फाडली. मग तालुक्याच्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी अर्ध्या तासाचे दोनशे रुपये घेतले आणि पहिल्या दहा मिनिटांत मार्ग सांगितला. निवडणुका कागदावर झाल्या नाहीत, तर नाहीत असंच लिहा. रेकॉर्डवरच्या सातांपैकी जे हयात आहेत त्यांच्या सहीने सर्वसाधारण सभा बोलवा. सभासदांना रीतसर नोटीस, पोच, हजेरी, इतिवृत्त. मयतांचे मृत्यूचे दाखले, सोडणाऱ्यांचे राजीनामे आणि ना हरकतीची प्रतिज्ञापत्रं, नव्यांची संमतीपत्रं. उशीर झाला त्याच्या माफीचा अर्ज वेगळा. आणि हिशोबाचं ऑडिट. "सगळ्यात अवघड काय असतं माहिती आहे का," त्या म्हणाल्या, "माणसं शोधणं."

गुरुजी सोपे गेले. नाशिकला मुलाकडे असतात, चौऱ्याऐंशी वय. फोनवर हकीकत ऐकली आणि आठव्या दिवशी पोस्टाने राजीनामा, प्रतिज्ञापत्र आणि वर शंभराची नोट आली, 'अभ्यासिकेसाठी' असं चिकटवून. पावती फाडावी लागली.

तात्या २०१४ लाच वारले होते. त्यांच्या घरी दाखला नव्हता, ग्रामपंचायतीतही नव्हता. मी रोज लोकांना सांगत असते की मृत्यूची नोंद माणूस जिथे राहतो तिथे नाही, जिथे वारतो तिथे होते, आणि तरी चार दिवस मी गावचंच रजिस्टर उलटत बसले. तात्या धुळ्याच्या दवाखान्यात गेले होते. दाखला धुळ्यातून मिळाला, तर त्यावर घरातलं हाकेचं नाव, रेकॉर्डवर शाळेतलं. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं त्यांच्या मुलाचं प्रतिज्ञापत्र. तो म्हणाला, "बापनं नाव काय व्हतं हाई माले आज समजनं."

आप्पांसाठी सुरतला गेले. अमळनेरहून गाडीत बसलं की नंदुरबार, नवापूर आणि मग गुजरात. डब्यात सगळी अहिराणीच. उधना-लिंबायत भागात आमच्याकडची इतकी माणसं आहेत की आमच्या गावात ज्यांची घरं कुलूपबंद दिसतात ती सगळी तिथे एका गल्लीत उघडी सापडतात. आप्पा यंत्रमागावर गेले होते, आता कान जवळजवळ गेलेत आणि मुलाने फरसाणचं दुकान टाकलंय. मी कागद पुढे केले. त्यांना वाटलं मी जुना हिशोब मागायला आले. आत गेले, पिशवी आणली, पिशवीत मंडळाचं १९९६ चं पासबुक. शेवटची शिल्लक ४१२ रुपये.

"हाऊ पैसा मी लिधा नही वं बैन," म्हणाले. "पासबुक तेवढं चुकीसन आठे उनं."

चुकून आलेलं पासबुक एवढी वर्षं, चार भाड्याच्या खोल्या बदलून, त्यांनी सांभाळलं होतं. मला तिथे काय बोलावं ते सुचेना. मी पावती लिहून दिली, 'पासबुक जमा'. नानांची सवय लागली होती.

आता राहिले जिभाऊ. ते गावातच, माझ्या सेंटरपासून पाच घरांवर. २०११ च्या पंचायत निवडणुकीत अण्णांच्या भावाविरुद्ध उभे राहिले, त्यानंतर त्यांनी मंडळाचं आणि मंडळाने त्यांचं नाव टाकलं. मी तीनदा गेले. पहिल्यांदा भेटले नाहीत, दुसऱ्यांदा चहा पाजून कपाशीच्या भावावर बोलले, तिसऱ्यांदा बोलले.

"अण्णानी माले दहा वरीसमा एक फोन करा नही. मरना तव्हयबी माले दुसरास्नी सांगं." थोडं थांबून मराठीत आले, जिभाऊ रागावले की मराठीत येतात. "तुमचं मंडळ म्हणतं मी ढाल चोरली."

ही ढाल काय प्रकरण आहे ते मला माहीत नव्हतं. १९८८ ला तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत आमचा संघ पहिला आला, जिभाऊ कप्तान. ढाल फिरती, पण पुढच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही, ती इथेच राहिली. भांडणानंतर ती अभ्यासिकेतून दिसेनाशी झाली. जिभाऊंनी आतल्या खोलीतून आणली. रुमालात गुंडाळलेली, पितळ लख्ख. पाऊस गळून ती काळी पडत होती म्हणून घरी आणली, असं ते म्हणाले. खरं असेल. बारा वर्षं घासली होती एवढं नक्की.

"राजीनामा देतो. पण आधी ढाल जमा झाल्याची पावती पाहिजे. सचिवाच्या सहीची."

मी सही करायला पेन काढला. "तू नाही," जिभाऊ म्हणाले, "तू रेकॉर्डवर कुठे आहेस?" नानांना बोलवावं लागलं. नाना आले, चष्मा लावला, 'एक पितळी ढाल, सुस्थितीत, मिळाली' असं लिहून खाली तारीख आणि सही केली. दोघं एकाच संघात होते म्हणे, नाना डावा कोपरा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण नाना जेवूनच घरी गेले.

काकूंना मी शेवटी ठेवलं होतं, कारण लाज वाटत होती. त्या ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मी उतारा दाखवला, नावाखाली बोट ठेवलं.

"मी यामा कव्हयपासून शे?"

"१९८९ पासून, काकू."

बराच वेळ देठ खुडत राहिल्या. "माले कोनी इचारं व्हतं?"

त्या काळी एखादं बाईचं नाव असलेलं बरं, म्हणून अण्णांनी घातलं असणार. सही तेवढी घेतली असेल, रेशनच्या फॉर्मवर घेतात तशी. पण मी मंडळात आल्यापासून पाहते आहे, रक्तदानाच्या दिवशी पोहे त्यांचे, गणपतीला बाहेरगावचं भजनी मंडळ जेवायला त्यांच्याकडे, भरतीच्या पोरांपैकी कोणाला घरून हाकललं तर तो त्यांच्या ओसरीवर. आणि हे आपण मंडळाचं काम करतो आहोत असं त्यांना कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनीही नाही.

त्या उठल्या आणि तांदळाचा डबा घेऊन आल्या. डब्यात तांदूळ नव्हते. पावतीपुस्तकांची स्थळप्रत होती, वर्षावार, सुतळीने बांधलेली. अण्णा खिशातून काढून कुठेही टाकायचे, या उचलून ठेवायच्या. "धुवाले टाकं ते भिजी जाई," एवढंच कारण.

ऑडिटचा प्रश्न त्या डब्याने सोडवला. अर्धा. उरलेला अर्धा टेलरकाकांच्या वह्यांनी. मंडळाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यापुढे सहा महिन्यांत ऑडिट होऊन ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये, जमाखर्च नऊमध्ये आणि सोबत नऊ-क हा तक्ता, असं सगळं धर्मादाय कार्यालयात जायला हवं. आमचं शेवटचं २०१२ चं. टेलरकाकांनी हिशोब मापाच्या वहीतच ठेवला होता. छाती ३८, कंबर ३४, गणपती वर्गणी ५१. बाही २३, मंडप भाडे १२००. सीएच्या ऑफिसमधला मुलगा तीन दिवस त्या वह्या उतरवत होता आणि शेवटी मला विचारतो, "हे 'खांदा साडेसतरा' कोणत्या हेडखाली घेऊ?" पण हिशोब जुळला. अकरा वर्षांत फरक एकशे चाळीस रुपयांचा, तो टेलरकाकांनी तिथल्या तिथे खिशातून काढून दिला. सीएने घ्यायचं नाही म्हटलं तरी ठेवून गेले.

सभा कधी घ्यायची यावर वाद झाला नाही. सुरतची माणसं वर्षातून एकदा नक्की येतात ती कानबाईला. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार. त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने कानबाई ऑगस्टच्या शेवटी गेली, तेवढा वेळ आम्हाला नोटिशीला मिळाला. रजिस्टरवर ६३ सभासद, त्यातले हयात ४४. गावातल्यांना हातपोच, बाहेरच्यांना रजिस्टर पोस्ट. पोरांनी नोटिशीत वेळ टाकली रविवारी सकाळी दहा. काकूंना सहीला दिली तर म्हणाल्या, "त्या टाईमले रोट कोन करावं?"

खरंच होतं. कानबाईच्या दिवशी सकाळी घरात नैवेद्याच्या रोटांचं दळण, पुरण आणि माणसांची रीघ. सभासदांत काकू धरून बायका दोन, पण नव्या समितीत यायला तयार असलेल्या आम्ही चौघी होतो. नोटीस बदलली. सोमवारी विसर्जन झाल्यावर दुपारी तीन. सुरतची गाडी रात्रीची होती, त्यामुळे माणसं हातची जाणार नव्हती.

सभेला ३१ जण. निम्म्यांच्या केसांत गुलाल, दोघं भिंतीला टेकून झोपलेले. जिभाऊ आले नाहीत, मुलाला पाठवलं. अध्यक्षस्थानी काकू बसल्या, कारण रेकॉर्डवरचे जे उरले त्यांत आप्पांना ऐकू येत नाही आणि नानांना इतिवृत्त लिहायचं होतं. अकरा जणांची नवी समिती झाली. टेलरकाका खजिनदार झाले तेव्हा आप्पांनीच अनुमोदन दिलं, काय चाललंय ते मुलाने कानात ओरडून सांगितल्यावर. मी सचिव झाले. या वेळी बॅनर नव्हता. नाना अहवालात 'सर्वानुमते' लिहायला गेले, तर मागून एक पोरगा म्हणाला, "मनं मत नही व्हतं ताईले." नानांनी ते लिहिलं: एक विरुद्ध. तो पोरगा आता माझ्याकडेच रोज फॉर्म भरतो.

ऑक्टोबरमध्ये, ९० दिवसांच्या आत, बदल अर्ज दाखल केला. अण्णा आणि तात्यांच्या मृत्यूची खबर उशिरा दिल्याबद्दल माफीचा अर्ज जोडला. त्यात कारण लिहायचं असतं. वकीलबाईंनी 'अनवधानाने' सुचवलं, मी तेच लिहिलं. त्याहून खरा शब्द असेलही, पण तो अर्जात बसत नव्हता.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. त्रुटी निघाल्या, पूर्ण केल्या. एकाचं संमतीपत्र नोटरीशिवाय, एका पानावर माझीच सही राहिलेली. जानेवारीत पहिली तारीख. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, आमची वीस पोरं खुर्च्या उचलायला गेली आणि मला म्हणाली, ताई, तिथे कोणी उतारा मागितला नाही. मग लोकसभेची निवडणूक आली, आमच्याकडचे सगळे कर्मचारी ड्यूटीवर, तारीख जूनवर गेली. कार्यालयातल्या लोकांनी त्रास दिला असं मी म्हणणार नाही. ३४ वर्षांचा गठ्ठा एकदम घेऊन येणाऱ्या माणसाने कोणाला नावं ठेवावीत?

जूनच्या तारखेला बदल अर्जदार म्हणून काकू आल्या होत्या. अर्ज रेकॉर्डवरच्या कोणीतरी द्यायचा होता आणि त्याच म्हणाल्या होत्या की मी देते. पुकारा झाला. साहेबांनी प्रतिज्ञापत्र पाहिलं आणि विचारलं, "बाई, इतकी वर्षं तुम्ही विश्वस्त होतात, बदल का कळवला नाही?"

मी घाबरले, कारण याचं उत्तर आम्ही बसवलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "साहेब, मलेच कळवलं नव्हतं."

साहेब हसले नाहीत. खाली मान घालून काहीतरी लिहिलं. ऑगस्टमध्ये अर्ज मंजूर झाला, सप्टेंबरात नव्या परिशिष्ट एकचा उतारा हातात आला. अकरा नावं. मी तो सेंटरमध्ये स्कॅन केला, तीन प्रती काढल्या आणि एक नानांच्या पेटीत टाकली. म्हणजे आता माझ्या पेटीत. नानांनी पावती परत मागितली आणि माझ्यासमोर फाडली.

अध्यक्षपदी काकूंना सभेतच निवडलं होतं. त्यामुळे खात्यावर सह्या काकूंची आणि टेलरकाकांची. नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं, त्याच आठवड्यात खातं सुरू झालं, पुण्याच्या पोरांनी त्याच दिवशी पैसे टाकले. पत्रेवाल्याला पहिला चेक दिला तो तिसऱ्या दिवशी परत आला. सही जुळत नाही. बँकेत नमुना देताना काकूंनी पूर्ण नाव लिहिलं होतं, चेकवर अण्णांच्या सवयीने नुसतं आडनाव आणि खाली रेघ.

पत्रेवाल्याला आठ दिवस थांबवलंय. टेलरकाकांनी मापाची एक कोरी वही दिली आहे. काकू रोज संध्याकाळी ओसरीवर बसून एका पानावर वीस सह्या करतात, आणि अभ्यासिकेतून घरी जाता जाता पोरी त्या मोजून कोणत्या जुळल्या त्यावर खूण करतात. काल चौदा जुळल्या होत्या.